गुरुवारी गेलेली वीज आणि सोमवारी बसलेला ड्रायव्हर: एका ड्युअल बूट संगणकाचे प्रकरण

सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक काकू गेली वीस वर्षे घरातून डीटीपीचे काम करतात. गणपती उठले की त्यांच्या टेबलावर दिवाळी अंकांचा मजकूर येऊन पडायला लागतो. त्या आठवड्यात तीन अंकांची पाने लावायची होती आणि संगणक सुरूच होत नव्हता. एकाच यंत्रावर दोन सिस्टिम, आणि विंडोज निवडले की निळी स्क्रीन, उबुंटू हे लिनक्स निवडले की काळी.

पेठांमधल्या छापखान्यांचे आणि डीटीपीवाल्यांचे संगणक सांभाळणे हे माझे काम. हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण यात जो तो चुकला तो कारण असून चुकला. काकू, त्यांचा मुलगा, दुकानातला माणूस आणि पहिल्या दिवशी मी, सगळ्यांचेच अंदाज ऐकायला बरोबर होते.

आधी यंत्राबद्दल. असेंबल केलेला डेस्कटॉप, 512 जीबीची एसएसडी, एनव्हिडियाचे साधे ग्राफिक कार्ड. एसएसडीच्या मोठ्या भागात विंडोज 10, उरलेल्या भागात मुलाने घातलेले उबुंटू 22.04. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. विंडोजची बाजू पूर्णपणे काकूंची: पेजमेकर, मराठी फाँटचे एक जुने पॅकेज, आणि ते पॅकेज चालावे म्हणून यूएसबीत कायम खोचून ठेवायचे लॉक. बाहेर त्याला डोंगल म्हणतात, डीटीपीच्या धंद्यात सगळे लॉकच म्हणतात. विंडोजवर इंटरनेट सुरू करायचे नाही हा काकूंचा नियम आहे आणि तो त्यांनी कसोशीने पाळलेला आहे. मुलाचे जे काही इंटरनेट, ते उबुंटूवर.

मला सांगितलेली हकिगत एका वाक्याची होती: "गुरुवारी सकाळी वीज गेली, दुपारी आली, तेव्हापासून दोन्ही बंद." पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, त्यामुळे यात कोणाला नवल वाटले नाही. घरात यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी वर्षभरापूर्वीच संपलेली. शुक्रवारी मुलाने कॅबिनेट उचलून जवळच्या एका दुकानात नेले. तिथे मदरबोर्डवरचा सेल काढून परत बसवला, रॅम पुसून लावली, आणि निकाल दिला: वीज परत येताना व्होल्टेज वाढले असणार, बोर्ड गेला. बोर्ड बदला, किंवा शेवटचा प्रयत्न म्हणून सगळे उडवून फॉरमॅट मारा.

दुकानदाराच्या बोलण्यात तर्क होता हे मान्य करायला हवे. एक सिस्टिम पडली तर सॉफ्टवेअरवर संशय घ्यावा. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन सिस्टिम एकाच दिवशी, एकाच वेळी वीज गेल्यावर पडल्या, तर दोघींत समान काय? खालचे लोखंड, म्हणजे हार्डवेअर. मीही शनिवारी सकाळी जिना चढलो तो मनात बोर्डाची किंमत घेऊनच.

फॉरमॅटला मात्र काकूंचा ठाम नकार होता. फायलींची त्यांना काळजी नव्हती, त्या दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर जातात. अडचण पॅकेजची होती. ते पुन्हा बसवायचे तर कंपनीचा माणूस यावा लागतो, आणि दिवाळीच्या तोंडावर तो कधी येईल याचा भरवसा नाही. "अहो, पंधरा दिवस गेले तर अंक दिवाळीनंतर निघतील. मग कोण घेणार?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बरोबरच होता.

तिसरी सिस्टिम

म्हणून कशालाही हात लावण्याआधी मी एक साधी चाचणी केली. पेन ड्राइव्हवर उबुंटूची लाइव्ह प्रत माझ्यासोबत असतेच. तिच्यावरून संगणक सुरू केला, काहीही इन्स्टॉल न करता "ट्राय उबुंटू" निवडले. डेस्कटॉप आला. अडीच तास चालू ठेवला, मोठमोठ्या फायली इकडून तिकडे केल्या, एसएसडीच्या तब्येतीचा स्मार्ट अहवाल पाहिला, आवाज, नेटवर्क, पडदा सगळे तपासले. एकदाही अडखळला नाही.

बोर्ड गेला असता तर तिसरी सिस्टिमही पडायला हवी होती. ती पडत नाही म्हणजे दोष डिस्कवर लिहिलेल्या कशात तरी आहे. शिवाय आणखी एक गोष्ट नजरेत भरली. विंडोज दरवेळी एकाच जागी पडत होते: फिरणारे ठिपके दोन वळसे घेत, तिसरा सुरू होताना निळी स्क्रीन, आणि कोड दरवेळी तोच, "ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल". सडलेली रॅम किंवा हलणारा विद्युतपुरवठा इतका वक्तशीर नसतो. तिथे कधी हा कोड, कधी तो, कधी डेस्कटॉप येऊन मग बंद, असा सावळा गोंधळ दिसतो. रोज त्याच जागी ठेच लागत असेल तर तिथे दगड आहे.

या कोडचा अर्थ असा की कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, शिरलेल्या एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने, प्रोसेसर तातडीच्या कामात असताना, ज्या मेमरीला हात लावायला नको तिला हात लावला. साधा प्रोग्राम असे काही करू लागला तर विंडोज तेवढा प्रोग्राम बंद करते. ड्रायव्हर मात्र कर्नलच्या आतच राहतो, त्याला वेगळे काढून बंद करता येत नाही, म्हणून सगळे यंत्रच थांबवावे लागते. मुलाने विचारले, "दादा, ते क्राउडस्ट्राइकचं झालं होतं, तसंच का हे?" जात तीच. 19 जुलै 2024 रोजी त्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली. ती वाचणारा ड्रायव्हर सुरू होतानाच पडायचा, आणि सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या स्क्रीनवर अडकली. लोखंड सगळीकडे ठणठणीत होते. उपायही असाच होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची, बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापुढे बसून.

इथे माझी एक चूक झाली. कोडमध्ये "ड्रायव्हर" हा शब्द आणि समोर जुने लॉक, म्हणून पहिला संशय लॉकवरच गेला. मी लॉक उपटले, प्रिंटर आणि स्कॅनरच्या वायरी काढल्या, नुसता कीबोर्ड-माउस ठेवून विंडोज सुरू केले. तरी पडले. "म्हणजे लॉक नाही," असे मी मोठ्याने म्हणालो आणि उबुंटूकडे वळलो. या एका वाक्याने माझा जवळजवळ एक दिवस खाल्ला.

काळी स्क्रीन

उबुंटू आधी घेण्यामागे विचार होता. ड्युअल बूट यंत्रात एक बाजू उभी राहिली की तिच्यावरून दुसरीची डिस्क उघडून सगळ्या नोंदी वाचता येतात. लाइव्ह पेन ड्राइव्हवरूनही ते जमते, पण मुलाची सिस्टिम तशीही दुरुस्त करायचीच होती.

कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये दोन कर्नल दिसले, एक नवा आणि एक आधीचा. मी विचारल्यावर मुलाने सांगितले की गुरुवारी सकाळी तो उबुंटूतच होता आणि अपडेट चालू होते. वीज नेमकी तेव्हाच गेली. मग चित्र सरळ वाटले: नवा कर्नल अर्धवट बसला, जुना निवडला की गाडी चालू. शंभरात नव्याण्णव वेळा असेच होते. जुना निवडला. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर.

जुना कर्नल बुधवारपर्यंत व्यवस्थित चालत होता. त्याला कोणी हात लावलेला नव्हता. मग तो का पडावा? खोलीत पुन्हा एकदा मदरबोर्डाचे नाव निघाले.

रिकव्हरी मोडमधून रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, प्रॉम्प्ट घेतला. रिकव्हरीत ग्राफिक कार्डाचा खास ड्रायव्हर न वापरता साधा पडदा मिळतो, म्हणून तिथवर पोचता आले. कर्नलसाठी ड्रायव्हर तयार करून देणाऱ्या डीकेएमएसची स्थिती विचारली तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरपुढे फक्त जुन्या कर्नलचा क्रमांक. नव्याची ओळच नाही. पॅकेज व्यवस्थापक डीपीकेजी सांगत होता की त्याचे काम मध्येच तुटले आहे. हे अपेक्षितच होते. डीकेएमएसने बसवलेला कंपनीचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याच यंत्रावर नव्याने कंपाइल होतो, त्याला या संगणकावर काही मिनिटे लागतात, आणि वीज त्याच मिनिटांत गेली. एरवी नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर पडदा सांभाळतो, पण कंपनीचे पॅकेज बसवताना नूव्होला काळ्या यादीत टाकले जाते. कंपनीचा तयार नाही, मुक्त असलेल्याला मनाई. नव्या कर्नलला पडद्यासाठी ड्रायव्हरच उरला नाही.

जुन्या कर्नलचे कोडे जर्नलने, म्हणजे उबुंटूच्या नोंदवहीने, सोडवले. आधीच्या बूटची नोंद उघडली, त्यात एनव्हिडियाचे मॉड्यूल घालण्याचा प्रयत्न होता आणि त्याखाली नकार: "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस". ड्रायव्हर जागेवर होता, धडधाकट होता, पण त्यावरची सही कर्नलने मानली नाही. असा नकार सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलेच चालू देणारी सोय, चालू असतानाच येतो. तिची स्थिती सांगणाऱ्या मोकयूटिलला विचारले. उत्तर: एनेबल्ड.

"तू उबुंटू टाकताना सिक्युअर बूट बंद केलं होतंस का?"

"हो दादा, बंद केल्याशिवाय ग्राफिक ड्रायव्हर चालत नव्हता."

मग चालू कोणी केले? दुकानात सेल काढला गेला, बायॉस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्ज, मूळ स्थितीला गेले, आणि या बोर्डाची मूळ स्थिती म्हणजे सिक्युअर बूट चालू. म्हणजे गुरुवारी फक्त नवा कर्नल आजारी होता. जुना शुक्रवारी, दुकानातल्या तपासणीत पडला. गुरुवारी दुपारी कोणी "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" उघडून जुना कर्नल निवडला असता तर उबुंटू पाच मिनिटांत उभे राहिले असते.

काम मग सोपे होते. डिस्क लिहिण्याजोगी केली, डीपीकेजीला अर्धवट पॅकेजे पुरी करायला लावली, नव्या कर्नलच्या हेडर फायली आहेत याची खात्री केली, ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करवला. यादीत दोन्ही कर्नल दिसू लागले. सिक्युअर बूट पुन्हा बंद करणे हा सोपा मार्ग होता. मी तो घेतला नाही. बंद ठेवले तर पुढच्या वेळी कोणी सेल काढला, बायॉस रीसेट केले, की हेच नाटक पुन्हा. त्यापेक्षा यंत्राच्या मालकाची किल्ली म्हणून ड्रायव्हरच्या सहीची किल्ली एकदा नोंदवून टाकावी, मग सिक्युअर बूट चालू असो वा बंद, फरक पडत नाही. मोकयूटिलने नोंदणीची मागणी टाकली, एकदाच वापरायचा पासवर्ड ठरवला. तोवर रात्रीचे नऊ वाजले होते. मुलाला म्हटले, आता रीस्टार्ट कर, एक पडदा येईल, त्यात "एनरोल" म्हणायचे, पासवर्ड द्यायचा, आणि मला फोन कर.

साडेनऊला फोन आला. "दादा, पुन्हा निळी स्क्रीन आली. मी लगेच बंद केला."

ही चूक माझ्या सांगण्यातली होती. किल्ली नोंदवणारा पडदाही निळाच असतो. विंडोजच्या निळ्या स्क्रीनने तीन दिवस धास्तावलेल्या घरात मी निळ्या रंगाचा उल्लेखच केला नव्हता. त्या पडद्यावर कोणती तरी कळ दाबा असे लिहिलेले असते, दहा सेकंद उलटी मोजणी होते, आणि काही दाबले नाही की यंत्र किल्ली न नोंदवताच पुढे जाते. मी फोनवरच मागणी पुन्हा टाकून घेतली. या वेळी फोन स्पीकरवर ठेवून एकेक पायरी: कोणतीही कळ, मग "एनरोल एमओके", मग "कंटिन्यू", मग "येस", मग पासवर्ड, मग रीबूट. उबुंटूचा डेस्कटॉप आल्यावर पलीकडून आधी काकूंचा आवाज आला, "आलं हो!"

वहीतली वेळ

रविवारी सकाळी उबुंटूवरून विंडोजची डिस्क उघडली, फक्त वाचण्यापुरती. आजारी विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर लिनक्समधून काही लिहू नये, हे मी कोणालाही बजावून सांगतो. निदान करायला वाचणे पुरते.

पडतानाच्या मेमरीची नोंद जिथे ठेवली जाते त्या मिनीडंपच्या फोल्डरमध्ये नवे काही नव्हते. पडझडीचा डंप पेजफाइलच्या, म्हणजे मेमरीला जोड म्हणून डिस्कवर असलेल्या फाइलच्या, वाटेने लिहिला जातो आणि पेजफाइल बूटमध्ये बरीच उशिरा तयार होते. डंप नाही, म्हणजे ठेच त्याआधीची. म्हणजे अगदी सुरुवातीला कर्नलसोबत चढणाऱ्या ड्रायव्हरांपैकी कोणी तरी.

मग मी ती फाइल उघडली जी कोणत्याही विंडोजवर ड्रायव्हरचा संशय असताना मी सर्वांत आधी पाहायला हवी. विंडोजच्या फोल्डरमध्ये आयएनएफ नावाचा फोल्डर असतो, त्यात सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग. साधी मजकुराची फाइल, कोणत्याही एडिटरमध्ये उघडते. ड्रायव्हर बसला, बदलला, काढला, प्रत्येकाची तारखेसकट नोंद, आणि तो कोणत्या प्रोग्रामने बसवला त्याची ओळसुद्धा. काकूंच्या इंटरनेट नसलेल्या विंडोजमध्ये कित्येक महिन्यांत नोंद नव्हती. आणि अगदी तळाशी, सोमवारची, 15 वाजून 52 मिनिटांची एक.

सोमवार. वीज गेली त्याच्या तीन दिवस आधी.

काकूंना विचारले, सोमवारी दुपारी चारच्या सुमारास संगणकावर कोण होते? "मीच. कवितेचं पान लावत होते. मी काही बसवलं नाही." मुलगा तेव्हा कॉलेजमध्ये. दोघेही खरे बोलत होते, आणि नोंदही खोटी नव्हती.

उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाबद्दल काकूंची जुनी तक्रार होती की ते मधूनच मागे पडते, त्या हाताने नीट करतात. इथे गाठ सुटली. उबुंटू बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचते, आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. उबुंटू वापरून झाले की विंडोज साडेपाच तास मागे. इंटरनेट असते तर विंडोजने वेळ कधी तरी सुधारून घेतली असती, इथे तो मार्गच बंद. मुलगा रविवारी उबुंटूवर बसला होता. सोमवारच्या 15:52 मध्ये साडेपाच तास मिळवले की रात्रीचे 9 वाजून 22 मिनिटे होतात. आणि नोंदीतल्या प्रोग्रामच्या ओळीत ई ड्राइव्हवरच्या सेटअपचे नाव होते. या यंत्रावर ई म्हणजे सीडी ड्राइव्ह.

मी मुलाकडे पाहिले. तो थोडा वेळ गप्प होता. मग सांगू लागला. सोमवारी रात्री केर काढताना लॉक निघाले होते, ते त्याने मागच्या दुसऱ्या पोर्टमध्ये खोचले. पॅकेज उघडेना, "लॉक सापडत नाही" म्हणाले. आईचे काम अडेल म्हणून त्याने कपाटातली सीडी काढून ड्रायव्हर पुन्हा बसवला, लॉकही जुन्या पोर्टमध्ये ठेवले, आणि पॅकेज चालू झाले. सेटअपने रीस्टार्ट करायला सांगितले होते, त्याने "नंतर" म्हटले. मंगळवारी आणि बुधवारी सगळे उत्तम चालले, म्हणून ती गोष्ट सांगण्यासारखी आहे असे त्याला वाटलेच नाही.

कपाटातली सीडी 2011 ची, विंडोज 7 च्या जमान्यातली. 2019 मध्ये कंपनीच्या माणसाने येऊन नवा ड्रायव्हर बसवला होता. मुलाने नव्यावर जुना चढवला. विंडोजने इतका जुना ड्रायव्हर आत घेतलाच कसा, असे कोणी विचारेल. 2016 पासून नव्या बसवलेल्या विंडोज 10 वर कर्नलच्या ड्रायव्हरांना मायक्रोसॉफ्टची सही लागते, पण 29 जुलै 2015 च्या आधी दिलेल्या प्रमाणपत्राने सही केलेले जुने ड्रायव्हर चालवून घेतले जातात. हजारो जुनी उपकरणे त्या सवलतीवर चालू आहेत. सही फक्त इतकेच सांगते की हा अमक्याचा आहे. तो आजच्या कर्नलशी जमवून घेईल का, हे सही सांगत नाही.

आणि लॉक उपटूनही निळी स्क्रीन का आली? कारण असा ड्रायव्हर सेवा म्हणून नोंदलेला असतो. लॉक यूएसबीत आहे की टेबलाच्या खणात, याची वाट न पाहता तो बूटमध्ये चढतो. उपकरण काढणे आणि ड्रायव्हर काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पंधरा वर्षे माहीत आहे, आणि तरी शनिवारी मी ते विसरलो.

तीन दिवस काही झाले कसे नाही

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सगळ्यांची दिशाभूल इथेच झाली. सोमवारी बसलेला ड्रायव्हर मंगळवारी सकाळीच यंत्र पाडायला हवा होता.

उत्तर फास्ट स्टार्टअपमध्ये आहे. विंडोज 8 पासून ही सोय आलेली आहे आणि बहुतेक यंत्रांवर ती आपोआप चालू असते. "शट डाऊन" म्हटले की विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करते, पण कर्नल आणि चढलेले ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून झोपवते. सकाळी बटण दाबले की तेच उचलून मेमरीत ठेवते. नव्याने बूट असे होतच नाही. काकू रोज रात्री शट डाऊन करत होत्या, रोज सकाळी चालू करत होत्या, आणि प्रत्यक्षात सोमवार सकाळचाच कर्नल, त्यातल्या चांगल्या ड्रायव्हरसकट, वापरत होत्या. डिस्कवर जुना ड्रायव्हर वाट पाहत पडून होता.

"रीस्टार्ट" मात्र खरोखर सगळे उतरवून पुन्हा चढवते. गुरुवारी सकाळी मुलाने विंडोजमधून रीस्टार्ट केले, ग्रबमध्ये उबुंटू निवडले, अपडेट लावले, वीज गेली. दुपारी वीज आल्यावर काकूंनी विंडोज निवडले. सोमवारनंतर विंडोजचे खरेखुरे बूट ते पहिलेच. जुना ड्रायव्हर पहिल्यांदा चढला आणि पडला.

वीज गेली नसती तरी विंडोज गुरुवारी पडणारच होते.

दुरुस्ती

ती लिहायला फारसे काही नाही. बूट दोन-तीनदा फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर नेते. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग 4 दाबून सेफ मोड. ड्युअल बूटमध्ये इथे एक खाचखळगा आहे: त्या रीस्टार्टनंतर मध्ये ग्रब येतो आणि तो थोड्या वेळाने आपणहून उबुंटू सुरू करतो. यंत्रापुढून उठू नका, विंडोजची ओळ हाताने निवडा.

सेफ मोड आला. तिथे अनइन्स्टॉल करायला गेलो तर विंडोज इन्स्टॉलरची सेवाच सेफ मोडमध्ये चालत नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून एससी कॉन्फिग या आज्ञेने त्या ड्रायव्हरच्या सेवेची सुरुवात डिसेबल्ड केली. फाइल खोडली नाही. चूक निघाली तर परत फिरता यावे, म्हणून मी कधीच आधी खोडत नाही. रीस्टार्ट. ठिपक्यांनी दोन वळसे घेतले, तिसरा, चौथा, आणि काकूंचा गणपतीचा वॉलपेपर आला.

मग जुने व्यवस्थित काढले. 2019 चा सेटअप कंपनीच्या माणसाने डी ड्राइव्हवरच ठेवला होता, तो बसवला. आणि शट डाऊन न करता दोनदा रीस्टार्ट केले. हे मी मुद्दाम काकूंना समोर बसवून केले: यापुढे काही नवे बसवले की "रीस्टार्ट" दाबून पाहायचे, तेव्हाच कळेल ते खरोखर चालते का.

फास्ट स्टार्टअप कायमचे बंद केले. ड्युअल बूट यंत्रावर ते चालू ठेवावे असे मला एकही कारण सापडलेले नाही. सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, पण झोपवलेल्या विंडोजची डिस्क लिनक्समधून उघडून ती बिघडवण्याचा धोकाही जातो. घड्याळासाठी उबुंटूला बोर्डावर स्थानिक वेळ ठेवायला सांगितले. उबुंटू याबद्दल इशारा देते, तो मुख्यतः वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे साडेपाच तास बारा महिने साडेपाचच. यूपीएसला बॅटरी आणली. मुलाला एकच सांगितले, अपडेट गुरुवारी लावू नकोस.

त्याला कोणी रागावले नाही. त्याने ते आईचे काम अडू नये म्हणून केले होते, आणि नोंद सापडल्यावर सगळे सरळ सांगितले. तो सोमवारच्या सीडीबद्दल शनिवारीच बोलला असता तर काम अर्ध्या दिवसात संपले असते हे खरे, पण मीही त्याला "गुरुवारी काय केलंस" एवढेच विचारले होते. आता मी पहिला प्रश्न बदलला आहे: शेवटचे रीस्टार्ट कधी केले होते, आणि त्याच्या आधी, गेल्या महिनाभरात, काय काय बसवले?

सोमवारी काकूंनी कवितेचे ते पान पुन्हा उघडले. तीनही अंक वेळेवर छापायला गेले. 2011 ची सीडी त्यांनी टाकून दिलेली नाही, कारण तिच्या कव्हरवर पॅकेजचा सिरियल नंबर आहे. कव्हरवर लाल पेनने त्यांनी एक खूण केली आहे, प्रुफात अक्षर गाळायला सांगताना करतात ती.